डेक जवळ आला की विमान हातातून जातं: जुन्या पीसीवर काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

हे पीसीवरच्या फ्लाइट सिम्युलेटरबद्दल आहे, म्हणजे विमान उडवण्याच्या गेमबद्दल, आणि त्यात विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरण्याबद्दल. आधी लक्षणं सांगतो. यातलं तुमचं कुठलं ते ओळखा, कारण पुढचा शोध त्यावर ठरतो.

जहाजाला वळसा घालून मागे येईपर्यंत सगळं छान असतं. डेक मोठा दिसायला लागला की चित्र अडखळतं, आणि ते सुरळीत होईपर्यंत विमान डेकच्या मागच्या कडेवर आपटलेलं असतं.

वेग कमी करत आणताना डावा पंख एकाएकी खाली जातो आणि विमान उलटं होऊन पाण्यात पडतं.

थ्रॉटलला (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला) हात लावलेला नसताना इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो.

चाकं डेकला टेकतात, पण विमान उसळतं आणि डेकवर आडव्या ताणलेल्या, विमान अडवणाऱ्या सगळ्या तारा ओलांडून पुढे उभ्या केलेल्या विमानांत घुसतं.

संध्याकाळची पहिली दोन लँडिंग बरी होतात, अर्ध्या तासानंतर एकही होत नाही.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मेन्टेनन्सला आहे. माझे वडील ओझरला मिगच्या कारखान्यात होते, त्यामुळे घरात विमानांचं बोलणं रोजचंच. गेली काही वर्षं सिडको, पंचवटी, देवळाली कॅम्प अशा ठिकाणच्या ओळखीच्या मुलांचे पीसी आणि जॉयस्टिक मी बघतो. बहुतेकांकडे दहा-बारा वर्षं जुनी मशिनं आहेत. त्यावर ‘आयएल-२ स्टुर्मोविक १९४६’ किंवा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ व्यवस्थित चालतं. प्रत्येकाची तक्रार एकच असते: “काका, जमिनीवर उतरतं, जहाजावर उतरत नाही.” आणि प्रत्येकाने आधी स्वतःच्या हाताला दोष दिलेला असतो. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा मुलाचा हात ठीक असतो. हाताने केलेली हालचाल विमानापर्यंत उशिरा पोचते किंवा चुकीची पोचते. त्यामुळे महिनाभर सराव करायच्या आधी हे तपासा.

सगळ्यात आधी, दहा मिनिटांच्या तीन उड्डाणचाचण्या

याला एक रुपयाही लागत नाही आणि दोष कुठल्या बाजूला आहे ते यातून कळतं.

पहिली चाचणी मोकळ्या समुद्रावर, हजार मीटर उंचीवर. चाकं खाली, हुक (तार पकडणारा शेपटीचा आकडा) खाली, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण. थ्रॉटल हळूहळू कमी करत नाक समोर धरून ठेवा आणि पंख कोणत्या वेगाला पडतो ते कागदावर लिहा. तीनदा करा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर विमान आणि जॉयस्टिक दोन्ही सांगाल तसं वागतायत. आकडे फार वेगळे आले, किंवा करताना इंजिन स्वतःहून चढलं, तर थेट खाली जॉयस्टिकच्या भागाकडे जा.

दुसरी चाचणी साध्या धावपट्टीवर. जहाजावर उतरता तोच वेग, तीच उताराची गती. तिसरी जहाजावर, पण आजूबाजूला एकही दुसरं जहाज नाही, डेकवर उभी विमानं नाहीत, ढग नाहीत. धावपट्टीवर जमतं, रिकाम्या जहाजावर जमतं आणि भरलेल्या ताफ्यात बिघडतं, तर पीसीला चित्र झेपत नाहीये. धावपट्टीवरही बिघडतं तर वेग, इंधन किंवा जॉयस्टिक.

जहाज चालतंय का?

हे मी मुद्दाम दुसऱ्या क्रमांकाला घेतो. मिशन स्वतः बनवणारे लोक जहाज समुद्रात नुसतं ठेवून देतात. उभं जहाज म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा नाही. हिशोब करून बघा. विमान ८५ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) येतंय आणि जहाज २५ नॉटने पुढे पळतंय, तर डेकच्या हिशोबाने तुमचा वेग फक्त ६० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ मीटर. जहाज उभं असेल तर तोच वेग सेकंदाला ४४ मीटर. तारेला जी ऊर्जा शोषायची आहे ती वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे या उदाहरणात ती दुप्पट होते. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोच्या किनाऱ्यासमोर ब्रिटिशांच्या सीफायर विमानांची डेकवर उतरताना मोठी मोडतोड झाली. वारा पडलेला होता, आणि ज्या छोट्या जहाजांवर ती उतरत होती त्यांना स्वतःचा वेग फारसा नव्हता. खरे, शिकलेले वैमानिक होते ते. तेव्हा मिशन एडिटरमध्ये जहाजाला मार्ग द्या, वेग द्या, आणि वारा त्याच्या नाकावरून येईल असं करा.

त्याच खिडकीत इंधनही बघा. पूर्ण टाकी भरून उतरायचा सराव करू नका, २५ ते ३० टक्के ठेवा. बॉम्ब लावलेले असतील तर समुद्रात टाकून या. वजन वीस टक्के कमी झालं की पंख पडायचा वेग सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. तेवढ्याने सगळा स्वभाव बदलतो.

आणि वेगाचं एकक. काही सिम्युलेटरमध्ये पडद्यावरच्या पट्टीत किलोमीटर असतात आणि कॉकपिटमधल्या वेग दाखवणाऱ्या घड्याळात नॉट. ८५ नॉट म्हणजे ताशी साधारण १५७ किलोमीटर. पट्टी बघून उडायचं का घड्याळ बघून, ते एकदा ठरवा आणि बदलू नका. पहिल्या चाचणीत जो आकडा लिहिला त्यात दहा-पंधरा टक्के मिळवा, तो तुमचा उतरायचा वेग. उदाहरणार्थ, पंख ७५ ला पडत असेल तर ८५ च्या आसपास राहा. उसळणाऱ्यांपैकी बहुतेक जण यापेक्षा बरेच जास्त वेगाने येत असतात.

कॉर्सेअरसाठी वेगळं

ज्यांना डावा पंख पडण्याचा त्रास आहे, ते बहुतेक कॉर्सेअर हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान उडवत असतात, म्हणून इथे थोडं थांबतो. या विमानाने खऱ्या आयुष्यातही नवख्या अधिकाऱ्यांचा बळी घेतला. अमेरिकन नौदलात त्याला पडलेल्या टोपणनावाचा अर्थच ‘नव्या पोरांना संपवणारं’ असा होता. अठरा सिलिंडर आणि दोन हजार अश्वशक्तीचं इंजिन पुढे, लांबलचक नाक, आणि वैमानिक पार मागे. सरळ रेषेत आलात तर शेवटी डेक नाकाखाली गडप होतो. शिवाय कमी वेगात डावा पंख उजव्याच्या आधी स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरणं सोडतो. यावर नंतर उपाय काढला तो उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी पट्टी बसवण्याचा. तिच्यामुळे उजवा पंखही डाव्याबरोबरच स्टॉल व्हायला लागला. तुमच्या सिम्युलेटरमधलं मॉडेल आधीचं असेल तर ही पट्टी नसेल.

उपाय तोच जो तेव्हाच्या वैमानिकांनी वापरला. जहाजाच्या डाव्या बाजूने उलट दिशेने जायचं आणि मग शेवटपर्यंत डावीकडे वळत वळत यायचं, पंख सरळ करायचे ते अगदी डेकच्या कडेला. वळणात नाक बाजूला राहतं, त्यामुळे डेक आणि डाव्या मागच्या कोपऱ्यात उभा असलेला खुणा करणारा अधिकारी दिसत राहतो. ब्रिटिश नौदल असंच उतरत असे. एप्रिल १९४४ मध्ये नॉर्वेत टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला झाला, तेव्हा एचएमएस व्हिक्टोरियसवरून उडालेली कॉर्सेअर संरक्षणाला होती. म्हणजे हे विमान जहाजावर नीट वापरता येतं. सरळ रेषेचा हट्ट सोडला पाहिजे.

दुसरी गोष्ट थ्रॉटलची. वेग फार उतरला म्हणून घाबरून एकदम पूर्ण थ्रॉटल मारलात की एवढा मोठा प्रॉपेलर विमानालाच डावीकडे पिळतो. पंख पडण्याचं हे नेहमीचं कारण. थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत चढवा आणि त्याच वेळी उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची झडप) द्या.

खुर्ची वर करायची सोय असेल तर करा. दृश्याची रुंदी एकाच आकड्यावर ठेवा. फार रुंद ठेवली की डेक दूर आणि संथ वाटतो आणि मग एकदम अंगावर येतो.

चित्र अडखळतं तेव्हा

हे लक्षण सगळ्यात जास्त भेटतं, आणि हेच लोक सगळ्यात चुकीच्या पद्धतीने सोडवतात.

सेकंदाला ३१ मीटर वेगाने येताना चित्र फक्त ०.२ सेकंद थांबलं, तरी तेवढ्यात सहा मीटर डेक निघून जातो. विमान सेकंदाला तीन मीटरने खाली येत असेल तर साठ सेंटिमीटर उंचीही गेली. तार पकडायची की कडेवर आपटायचं हे तेवढ्यावर ठरतं. जहाज जवळ येताच चित्र थांबतं याला कारण आहे. दुरून जहाज साधा ठोकळा असतो. जवळ आलं की तोफा, माणसं, उभी विमानं, धूर, पाण्यातला फेस, सावल्या हे सगळं एकदम काढायला लागतं.

मुलं सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या, मागे लागतात. वर मोकळ्या आकाशात ६० मिळतात आणि डेकजवळ २० होतात. ६० ला एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं, २० ला ५० चं. वळसा घेताना हाताला एका प्रतिसादाची सवय लागते आणि नेमक्या शेवटच्या दहा सेकंदांत तो प्रतिसाद बदलतो. त्यापेक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्थिर ३० कितीतरी बरे. देवळालीच्या एका मुलाच्या लॅपटॉपवर मी फक्त एवढंच केलं आणि त्याच संध्याकाळी त्याने सलग चार वेळा तार पकडली.

आता कसं करायचं ते. आधी आरसे बंद करा, कारण कॉकपिटच्या आरशासाठी पीसी मागचं दृश्य पुन्हा काढतो. मग सावल्या, मग पाण्याच्या चित्राची पातळी, मग ढग. एका वेळी एकच बदला आणि रिकाम्या जहाजाची चाचणी पुन्हा करा. सगळं एकदम खाली ओढलंत तर नेमकं काय जड होतं ते कळत नाही आणि चित्र विनाकारण कळाहीन होतं. मग ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये किंवा रिवाट्यूनरसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ३० ची मर्यादा घाला. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करून बघा. जुन्या पद्धतीच्या व्ही-सिंकमध्ये ६० ला थोडं जरी कमी पडलं की फ्रेम थेट ३० वर उडी मारतात, आणि हाताची हालचालही उशिरा दिसते.

वेबकॅमने डोकं ट्रॅक करणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर एक दिवस त्याच्याशिवाय उडा. दोन किंवा चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरवर चेहरा शोधण्याचं काम बरीच ताकद खातं. ब्राउझर, अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन हेही बंद.

पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. तिथेच ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ सापडेल, ते बंद करा. जॉयस्टिक हबमध्ये किंवा कॅबिनेटच्या पुढच्या सैल पोर्टमध्ये असेल तर मागे, थेट मदरबोर्डवर लावा.

जॉयस्टिक

मला इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, आणि सगळ्यात जास्त समाधानही इथेच मिळतं, कारण दोष डोळ्यांनी दिसतो.

विंडोजच्या रन खिडकीत जॉय, टिंब, सीपीएल असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. जॉयस्टिक निवडून प्रॉपर्टीज उघडा. थ्रॉटल तळापासून वरपर्यंत अगदी हळू, दहा सेकंद घेऊन सरकवा. पट्टी सारखी वर गेली पाहिजे. मधेच उडी मारली, थरथरली, मागे आली, तर आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय किंवा मळलाय. मुलं त्याला पॉट म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पॉटच्या आत कार्बनचा ट्रॅक असतो आणि त्यावर एक पत्र्याचा हात घासत फिरतो. जिथे जास्त घासतो तिथे आधी झिजतो. जहाजावर उतरण्याचा सराव करणाऱ्याचा थ्रॉटल दिवसेंदिवस एकाच पट्ट्यात, साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पुढे-मागे होत राहतो. म्हणजे ज्या जागेवर तुम्हाला सगळ्यात बारीक नियंत्रण हवं, नेमकी तीच जागा आधी खराब होते. उडताना, चढताना, लढताना काहीच जाणवत नाही. पंचवटीतल्या एका मुलाने दोन महिने हाच त्रास सहन केला. त्याच्या थ्रॉटलची पट्टी ३० वरून एकदम ६० वर जात होती. विमान डेकवर तरंगत पुढे का जातं याचं उत्तर तेवढंच होतं, आणि तो बिचारा रोज स्वतःला ढ म्हणत होता.

आधी कॅलिब्रेशन करा, कधीकधी तेवढ्यावर भागतं. डेडझोन (मधोमध जिथे दांडा हलवला तरी काही पोचत नाही तो भाग) खूप मोठा ठेवला असेल तर कमी करा. मोठ्या डेडझोनमध्ये छोटी दुरुस्ती पोचतच नाही, मग तुम्ही जास्त ओढता आणि विमान झुलायला लागतं. काही सिम्युलेटरमध्ये फिल्टरची पट्टी असते. तिने थरथर झाकली जाते, पण हालचाल उशिरा पोचते. डेकवर उतरायला ती शून्यावरच हवी.

मग साफसफाई. वायर काढा, खालचे स्क्रू काढा, स्प्रिंग कुठे कशी होती त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. पॉटच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर एकदा मारा, पॉट वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा, पंधरा मिनिटं वाळू द्या. बिजागऱ्यांना मारायचं तेल इथे वापरू नका. ते वाळत नाही आणि त्यावर धूळ बसते. तीन-चार आठवड्यांत थरथर परत आली तर ट्रॅक झिजलाय, पॉटच बदलायचा. त्याच्या अंगावर छापलेला आकडा बघून तोच घ्या, सरळ चढणारा, ज्याला दुकानदार लिनिअर म्हणतात. मल्टिमीटर असेल तर मधल्या आणि कडेच्या पायाला लावून फिरवा. रोध सारखा चढला पाहिजे. सोल्डरिंग कधी केलेलं नसेल तर हे पहिलंच काम म्हणून घेऊ नका, मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देतो. तोपर्यंत थ्रॉटल कीबोर्डवरून वापरा.

रडर वळवण्याच्या पॉटचंही असंच असतं. डेकसमोर नाक डावी-उजवीकडे झुलत असेल तर तो बघा.

अर्ध्या तासाने बिघडतं तेव्हा

म्हणजे मशीन तापतंय. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटलेलं असतं आणि आत धुळीची गादी. प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि चित्र अडखळायला लागतं. एचडब्ल्यूमॉनिटरने उड्डाणाआधी आणि अर्ध्या तासानंतर तापमान बघा.

कॅबिनेट गच्चीवर न्या, ब्लोअरने धूळ काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ते बेफाम फिरलं तर बेअरिंग जातं. एवढं करूनही तापमान उतरत नसेल तर प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असणार. जुनी पुसून डाळीच्या दाण्याएवढी नवी लावायची. डेस्कटॉपवर हे घरी जमतं. लॅपटॉप पूर्ण उघडायचा असेल तर दुकानात द्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर

पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी लावायच्या वेगवान डिस्कचा. फ्रेम वाढणार नाहीत, पण जहाजाचं चित्र हार्ड डिस्कवरून ओढताना येणारा झटका जातो. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, उडणं नंतर. रॅम दुसऱ्या क्रमांकाला. ग्राफिक्स कार्ड शेवटी. सिडकोतल्या एकाने जुनं कार्ड बदलून मोठं घेतलं आणि काहीच फरक पडला नाही, कारण या जुन्या सिम्युलेटरचा बहुतेक भार प्रोसेसरच्या एका कोअरवर असतो. वर त्याच्या एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) ते कार्ड झेपेना, म्हणून पीसी उड्डाणात बंद पडायला लागला.

इथे थांबा

जळका वास आला, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी आली, की प्लग काढा. झिणझिणीसाठी आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, घराचं अर्थिंग बघायला. पीसीवाला नंतर.

एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोक्याइतका विद्युतभार राहू शकतो. मी रोज कारखान्यात पॅनेल उघडतो, तरी घरचा एसएमपीएस उघडत नाही, बदलतो.

लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, टचपॅड वर आलं असेल, तर चार्जिंग थांबवा, बंद करा आणि तसाच दुकानात न्या. टोचू नका, दाबू नका. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर तेही तंत्रज्ञाचंच काम. कार्ड ओव्हनमध्ये भाजून ठीक करण्याच्या नादाला लागू नका.

दुकानात जाताना “गेम अडकतो” एवढंच सांगू नका. एका कागदावर लिहून न्या: तिन्ही चाचण्यांचा निकाल, सुरुवातीचं आणि अर्ध्या तासानंतरचं तापमान, रिकाम्या आणि भरलेल्या डेकवरच्या फ्रेम, आणि तोपर्यंत काय काय बदललं. एवढं हातात असलं की तंत्रज्ञाला कुठला भाग उघडायचा ते लगेच कळतं, आणि तुमच्या गळ्यात नको असलेलं कार्ड पडत नाही.